नाण्याचा धातू का बदलतो?

बेळगाव, शहापूर, निपाणी या भागांतील कित्येक जुन्या घरांत लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी पाटावर चांदीचे रुपये मांडण्याची चाल आहे. कोणावर राणी व्हिक्टोरियाची छाप असते, कोणावर पंचम जॉर्ज बादशहाची. वर्षभर हे रुपये फडक्यात गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवलेले असतात. त्या दिवशी ते रांगोळीने घासून उजळावयाचे, हळदकुंकू वाहावयाचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पेटीत ठेवावयाचे, असा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. त्याच घरात फळीवरच्या डब्यात आजचे रुपयेही पडलेले असतात. पण त्यांना कोणी फडक्यात बांधीत नाही. दोहोंचे नाव मात्र एकच, रुपया. एक रुपया शहापूरच्या सराफ गल्लीत नेला, तर सराफ तो तराजूत टाकतो आणि चांदीच्या भावाने त्याची किंमत सांगतो. ती किंमत एका रुपयाच्या शेकडो पट भरते. दुसरा रुपया नेला, तर तो तराजूकडे न पाहता हसून परत करील. एकाच नावाच्या दोन नाण्यांत एवढे अंतर कसे पडले? सरकारने नाण्यातील धातू हलका करीत आणला, ही रयतेची फसवणूक झाली की काटकसर? आणि या काटकसरीचा भार शेवटी कोणावर पडला? हे प्रश्न दिसतात तितके सोपे नाहीत.

प्रथम जुन्या रुपयाचा विचार करणे इष्ट ठरेल. कंपनी सरकारने १८३५ साली आपल्या मुलखात सर्वत्र एकाच वजनाचा व एकाच कसाचा रुपया सुरू केला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यातील बारा भागांपैकी अकरा भाग चांदी व एक भाग हीण असे प्रमाण कायद्याने ठरविले होते. हेच वजन पुढे तोळ्याचे वजन म्हणून रूढ झाले. त्यामुळे बाजारात ऐंशी रुपयांच्या भाराचा शेर धरीत, आणि दुकानदाराजवळ वजने नसली तर रुपयेच पारड्यात टाकून माल तोलता येत असे. रुपया दगडावर टाकला की त्याचा नाद ऐकूनच तो खरा की खोटा हे जाणते लोक सांगत. ‘खणखणीत’, ‘बंदा रुपया’, ‘सोळा आणे खरे’ हे मराठीतील शब्दप्रयोग त्याच अनुभवातून आलेले आहेत. नाणे म्हणजे धातू आणि धातू म्हणजे किंमत, ही समजूत लोकांच्या मनात एवढी पक्की बसली, याचे नवल वाटावयास नको.

ही समजूत या मुलखात अधिकच दृढ असण्याला आणखी एक कारण होते. एकछापी रुपया येण्यापूर्वी येथील लोकांनी नाण्यांचा गोंधळ पुरेपूर भोगला होता. अठराव्या शतकात कर्नाटक प्रांतात ठिकठिकाणच्या जमीनदारांनी आपापल्या टांकसाळी घातल्या होत्या आणि त्यांतून होन, मोहरा व रुपये पाडले जात. नाण्यावर छाप नामांकित असे. आत मात्र हीण वाढविलेले असे. अखेर थोरल्या माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत, १७६५ च्या सुमारास, अशा वीस-एकवीस टांकसाळी बंद करण्याचे हुकूम सुटले आणि धारवाड येथे पांडुरंग मुरार यांच्याकडे एकच टांकसाळ सोपविण्यात आली. ठरलेल्या वजनाचे व कसाचे नाणे एकाच ठिकाणी पाडावे, हा त्यामागील हेतू होता.

हिणकस नाण्याचा हा व्यवहार नेमका कसा चाले, ते समजून घेण्यासारखे आहे. त्या काळी नाण्याची किंमत त्यातील सोन्याचांदीवर अवलंबून असे. टांकसाळवाल्याने शंभर रुपयांच्या चांदीत हीण मिसळून एकशेदहा रुपये पाडले, तर दहा रुपये आयतेच त्याच्या पदरात पडत. ज्याला धातूची पारख आहे तो सराफ असे नाणे घेताना बट्टा कापून घेई. पण ज्या शेतकऱ्याने धान्य विकून ते नाणे घेतले, त्याला पारख नसे. घेताना त्याने ते पुऱ्या किमतीने घेतलेले असे, देताना मात्र त्याला बट्टा सोसावा लागे. नावाला बट्टा लागणे हा वाक्प्रचार आज अब्रूविषयी वापरतात. पण बट्टा पूर्वी खरोखरच रुपयाला लागे आणि तो पारख नसलेल्या माणसाच्या पदरचा जाई. धातू गुपचूप हलका करावयाचा आणि किंमत मात्र पहिलीच सांगावयाची, ही उघड लबाडी होती.

परंतु धातू हलका करण्याचा दुसराही एक प्रकार आहे, आणि त्याला लबाडी म्हणता येत नाही. जुना तांब्याचा ढब्बू पैसा घ्यावा. चौसष्ट पैशांचा एक रुपया होई. त्या चौसष्ट पैशांतील तांबे मोडीच्या भावाने विकले, तर त्याचा रुपया येत नसे. तरीही पैसा बिनतक्रार चाले. कारण चौसष्ट पैसे दिले की एक रुपया मिळणारच, ही खात्री सर्वांना होती. पैशाची किंमत त्यातील तांब्याची नव्हती, त्यामागील वचनाची होती. चिल्लर हे मुळातच वचनाचे नाणे असते. येथे सरकार कोणापासून काही लपवून ठेवीत नाही, आणि कोणालाही बट्टा द्यावा लागत नाही.

मौज अशी की, रुपयाही पुढे याच जातीचा झाला. लोकांच्या मात्र ते ध्यानात आले नाही. १८९३ पर्यंत कोणीही मुंबईच्या टांकसाळीत चांदी नेऊन द्यावी आणि तिचे रुपये पाडून घ्यावेत, अशी मोकळीक होती. जगात चांदी स्वस्त होऊ लागली तेव्हा सरकारने त्या वर्षी ही मोकळीक काढून घेतली. तेव्हापासून रुपयातील चांदीची किंमत एका रुपयाहून कमी भरू लागली. नाणे तेच, वजन तेच, नादही तोच. पण त्याची किंमत आता चांदीने नव्हे, तर सरकारच्या शब्दाने उभी होती. चांदीवर उठविलेली ती एक प्रकारची नोटच होती, असे म्हणावयास हरकत नाही.

मग सरकारला धातूची चिंता का करावी लागते? याचे उत्तर असे की, नाण्याला दोन बाजूंनी धोका असतो. धातू फार महाग झाला आणि नाण्यातील धातूची किंमत त्यावर लिहिलेल्या किमतीहून वर गेली, की लोक नाणे वितळवू लागतात. उलट धातू फार स्वस्त असला आणि नाणे पाडण्यास सोपे असले, की खोटी नाणी पाडणाऱ्याला ते किफायतीचे होते. या दोन काठांच्या मधून टांकसाळीला आपली नाव हाकावी लागते. नाण्यांच्या धातूचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास म्हणजे एका काठावर आदळण्याची वेळ येताच दुसरीकडे वळल्याचा इतिहास होय.

पहिल्या महायुद्धात चांदीचा भाव भराभर चढला. लंडनच्या बाजारात औंसाला ४३ पेन्स हा भाव ओलांडला, की रुपया आटविणे फायद्याचे ठरे. १९१७ साली तो भाव ओलांडला गेला. रुपये पेट्यांत आणि मुशीत जाऊ लागले. सरकारने त्याच वर्षी एक रुपयाची कागदी नोट काढली, आणि पुढील वर्षी अमेरिकेकडून वीस कोटी औंस चांदी विकत घेतली. चवली, पावली, अधेली या लहान नाण्यांतून चांदी काढून ती तांबे व निकेल यांच्या मिश्रणाची केली. येथे दुसरा काठ जवळ आला. १९१९ साली निघालेल्या तांबे-निकेलच्या अधेलीच्या नकला एवढ्या झाल्या की १९२४ साली ते नाणे चलनातून रद्द करावे लागले. आठ आणे ही त्या काळी लहान रक्कम नव्हती, आणि हलक्या धातूचे मोठे नाणे म्हणजे ठगांना आमंत्रणच होते. चवली-पावलीला जो धातू चालला, तो अधेलीला चालला नाही.

दुसऱ्या महायुद्धात हाच प्रसंग पुन्हा आला. १९४० साली युरोपातील पराभवांच्या बातम्या येताच लोकांनी नोटा देऊन रुपये घेण्यासाठी गर्दी केली. त्याच वर्षी सरकारने रुपयातील चांदी निम्म्यावर आणली. शंभर भागांत ५० भाग चांदी, ४० भाग तांबे, ५ भाग निकेल आणि ५ भाग जस्त असे हे नवे मिश्रण होते. नकला होऊ नयेत म्हणून त्याच्या कडेला विशेष नक्षीची खाच ठेवली. व्हिक्टोरिया राणीची छाप असलेले जुने रुपये १९४१ साली चलनातून काढून घेण्यात आले, आणि त्यामागोमाग इतर जुने रुपयेही. ज्यांनी ते परत केले नाहीत, त्यांच्याच घरी आज लक्ष्मीपूजनाला ते दिसतात. तांब्याचाही तुटवडा पडला. १९४३ साली पैशाच्या मध्यभागी मोठे भोक पाडले गेले आणि पूर्वी पाच ग्रॅमच्या आसपास असलेला पैसा दोन ग्रॅमवर आला. हा भोकाचा पैसा पुढे मुलांच्या करगोट्यात ओवला गेला, आणि वॉशर म्हणून यंत्रांनाही लावला गेला.

युद्ध संपल्यावर चांदीने नाण्यांचा निरोप घेतला. १९४६-४७ साली पावली, अधेली आणि रुपया शुद्ध निकेलचे झाले. पाठीवर वाघाचे चित्र असलेला १९४७ चा रुपया तोच. युद्धकाळात अमेरिकेकडून उसनी घेतलेली चांदी परत फेडण्यासाठी चलनातून काढून घेतलेल्या निमचांदीच्या नाण्यांतून चांदी वेगळी करावी लागली. असे करणारा हिंदुस्थान एकटा नव्हता. इंग्लंडने १९२० साली आपल्या नाण्यांतील चांदी निम्म्यावर आणली होती आणि १९४७ साली ती अजिबात काढून टाकली. बेळगावच्या शेजारच्या गोव्यातही हेच घडत होते. पोर्तुगीज राजवटीने १९३५ साली काढलेला रुपया जुन्याच कसाच्या चांदीचा होता. १९४७ साली त्यातील चांदी निम्मी झाली, आणि १९५२ सालचा गोव्याचा रुपया तांबे-निकेलचा होता. राज्यकर्ते निराळे असले, तरी धातूच्या बाजारापुढे सर्वांचे चालणे सारखेच असते.

स्वातंत्र्यानंतर सीमाभागाच्या व्यवहारात दोन बदल लागोपाठ झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्यानंतर पाच महिन्यांनी, १ एप्रिल १९५७ रोजी, देशभर दशमान नाणी सुरू झाली. राज्य बदलले आणि रुपयाचे आणेही गेले. सोळा आण्यांच्या जागी शंभर नवे पैसे आले. एक नवा पैसा कांशाचा होता. दोन, पाच आणि दहा नवे पैसे तांबे-निकेलचे होते, आणि वरची नाणी निकेलची होती. चार आण्यांचे नेमके पंचवीस पैसे होत. पण एका आण्याचे सव्वासहा पैसे होत असल्याने तेथे सहा पैसेच धरावे लागत. लहान रकमेत थोडा तोटा कोणाला तरी सोसावा लागतो, याचा हा पहिला धडा होता.

१९६० नंतरच्या दशकात महागाई वाढली, आणि कांसे, तांबे, निकेल यांची किंमत लहान नाण्यांना पेलेनाशी झाली. निकेल तर बहुतांशी परदेशातून आणावे लागे आणि त्यासाठी परकी चलन मोजावे लागे. तेव्हा सरकार अॅल्युमिनियमकडे वळले. १९६४ साली षट्कोनी तीन पैशांचे नाणे निघाले, आणि मागोमाग एक, दोन व पाच पैसेही त्याच धातूचे झाले. या बदलातील हिशेब शाळकरी मुलालाही समजेल. तांबे किंवा निकेल पाण्याच्या सुमारे नऊपट जड असते, तर अॅल्युमिनियम पावणेतीनपटच. त्यामुळे आकार साधारण तेवढाच ठेवूनही वजन एकतृतीयांशाच्या आसपास येते. पाच पैशांचे चौकोनी नाणे चार ग्रॅमचे होते, ते दीड ग्रॅमचे झाले. शिवाय हा धातू आपल्या देशात मुबलक मिळणाऱ्या बॉक्साइटपासून होतो. सह्याद्रीच्या माथ्यावर कोल्हापूर व बेळगाव या दोन्ही जिल्ह्यांत बॉक्साइट आहे, आणि १९७० च्या सुमारास बेळगावजवळ यमनापूर येथे अॅल्युमिनियमचा मोठा कारखानाही उभा राहिला.

लोकांना मात्र हे पैसे आवडले नाहीत. त्यांना वजन नव्हते, नाद नव्हता. वाऱ्यावर उडून जातील असे ते वाटत. पण वजन कमी झाले म्हणून पैशाची किंमत कमी झाली, हा तर्क बरोबर नव्हता. कारण नेमके उलटे होते. महागाईने पैशाची खरेदीची ताकद आधीच खाल्ली होती. धातू मागाहून बदलला. ताप चढला म्हणून तापमापकातील पारा चढतो, पाऱ्यामुळे ताप येत नाही. तरीदेखील चिल्लरीची टंचाई पडू लागली. नाण्यांचा साठा करणे आणि ती वितळविणे यांना आळा घालण्यासाठी १९७१ साली लहान नाण्यांविषयी स्वतंत्र कायदा करावा लागला. आज त्याची जागा २०११ च्या नाणेविषयक कायद्याने घेतली असून, नाणे वितळविणे हा त्यानुसार गुन्हा आहे.

या साऱ्याचा सामान्य माणसाशी काय संबंध, हे पाहावयाचे तर निपाणीला जावे. निपाणी हे तंबाखूचे गाव. तेथील वखारींतून तंबाखू बाहेर पडते आणि घरोघर स्त्रिया तेंदूच्या पानांत ती घालून विड्या वळतात. त्यांची मजुरी हजार विड्यांच्या दराने ठरते. दर हजारावर असल्याने हिशेबात सुटे पैसे येणारच. समजा, एखाद्या बाईचा आठवड्याचा हिशेब काही रुपये आणि बारा पैसे असा झाला, आणि चिल्लर नाही म्हणून तिला दहाच पैसे मिळाले. दोन पैसे गेले, त्याची दाद ती कोणाकडे मागणार? पण वर्षाच्या बावन्न आठवड्यांत हे एक रुपया चार पैसे होतात. आणि अशा हजार बायांचा हिशेब एका जागी होत असेल, तर तेथे एक हजार चाळीस रुपये शिल्लक राहतात. ज्या काळी दोन पैशांना काही तरी मिळत होते, त्या काळी ही रक्कम क्षुल्लक नव्हती. बाजारातही तसेच. सुटे नाहीत म्हणून दुकानदार गोळी हातावर ठेवतो, आणि एस. टी.चा वाहक तिकिटाच्या पाठीवर बाकी लिहून देतो. गोळी मात्र कोणी परत घेत नाही, आणि ती बाकी मागावयास उतारू विसरला तर ती कायमचीच राहते. नाणे हलके झाल्याने गरिबाचे फारसे बिघडत नाही. नाणे नाहीसे झाले म्हणजे मात्र बिघडते. कारण रक्कम पूर्णांकात आणताना ती बहुधा सबळाच्या बाजूने झुकते.

लहान नाणी हळूहळू नाहीशी झाली, हेही खरेच. १९७० नंतरच्या दशकात एक, दोन व तीन पैसे पाडणे क्रमाक्रमाने थांबले. १९८८ साली दहा, पंचवीस व पन्नास पैशांची आणि १९९२ साली एक रुपयाची स्टेनलेस स्टीलची नाणी निघाली. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे व त्याखालची सर्व नाणी चलनातून गेली, आणि मराठी माणसाच्या तोंडातील ‘चाराणे’ हा शब्द तेवढा मागे उरला. रुपयाच्या वजनाची उतरंडही बोलकी आहे. चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा होता. १९६२ चा निकेलचा रुपया १० ग्रॅमचा, १९७५ चा तांबे-निकेलचा ८ ग्रॅमचा, १९८३ चा ६ ग्रॅमचा, १९९२ चा स्टेनलेस स्टीलचा ४.८५ ग्रॅमचा, आणि २०११ पासूनचा ३.७९ ग्रॅमचा. तोळाभराचा रुपया आता तोळ्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढाही राहिला नाही. घरात ही जुनी नाणी असतील, तर मुलांना लोहचुंबक देऊन एक गंमत दाखविता येईल. १९४७ चा वाघाचा रुपया आणि १९६२ चा रुपया चुंबकाला चिकटतात, कारण निकेललाही चुंबक ओढतो. १९७५ चा रुपया चिकटत नाही, कारण त्यात तांबे अधिक आहे. आजचा रुपया पुन्हा चिकटतो, कारण तो पोलादी आहे.

पोलादाची निवड विचारपूर्वक झालेली आहे. ते गंजत नाही, झिजत नाही, त्यावर छाप स्पष्ट उठते, आणि ते देशातच तयार होते. तमिळनाडूतील सेलमच्या पोलाद कारखान्यात नाण्यांच्या कोऱ्या चकत्या कापल्या जातात, आणि टांकसाळीत त्यांवर छाप उठते. शिवाय मोडीच्या बाजारात पोलादाला तांबे-निकेलइतका भाव नाही. पूर्वीची तांबे-निकेलची नाणी त्यांतील धातूसाठी बाजारातून गडप होत. २००७ साली कोलकात्याहून अशी वृत्ते आली होती की, नाणी सीमेपार नेऊन त्यांची दाढीची पाती केली जातात. नाण्याच्या धातूची किंमत लिहिलेल्या किमतीपेक्षा वर गेली, की सीमा आणि पहारे त्याला अडवू शकत नाहीत.

एवढे करूनही रुपया पाडणे स्वस्त नाही. माहितीच्या अधिकारात २०१८ साली बाहेर आलेल्या आकड्यांप्रमाणे एक रुपयाचे नाणे पाडण्यास १ रुपया ११ पैसे खर्च येत होता. दोन रुपयांच्या नाण्यास १ रुपया २८ पैसे, पाचाच्या नाण्यास ३ रुपये ६९ पैसे आणि दहाच्या नाण्यास ५ रुपये ५४ पैसे. हे वाचून सरकार रुपयामागे अकरा पैसे बुडविते, असे कोणास वाटेल. परंतु हा हिशेब अपुरा आहे. रुपया एकदाच खर्च होऊन संपत नाही. तो विडीवालीकडून वाण्याकडे, वाण्याकडून वाहकाकडे आणि वाहकाकडून पुन्हा बाजारात असा वीसपंचवीस वर्षे फिरतो, आणि हजारो व्यवहार पुरे करतो. शेराचे वजन ओतविण्यास किती खर्च आला, हे त्या वजनाने तोललेल्या एका शेर धान्याच्या किमतीशी कोणी ताडून पाहात नाही. नाण्याचेही तसेच आहे. याच विचाराने १९९० नंतरच्या दशकात एक, दोन व पाच रुपयांच्या नोटांची जागा हळूहळू नाण्यांनी घेतली. कारण कागदी नोट लवकर फाटते आणि पुन्हा छापावी लागते. अर्थात याही विचाराला मर्यादा आहे. अमेरिकेत एक सेंटचे नाणे पाडण्यास साडेतीन सेंटांहून अधिक खर्च येऊ लागला. १९८२ साली त्यातील तांबे काढून जस्त घालण्यात आले होते. तरीही मेळ बसेना, आणि अखेर नोव्हेंबर २०२५ मध्ये चलनासाठी ते नाणे पाडणे थांबविण्यात आले. धातू किती स्वस्त करावा याला एक तळ असतो. त्याखाली गेल्यावर नाणेच उरत नाही.

नाणे स्वस्त करताना आणखी एक पथ्य पाळावे लागते. ते लोकांना ओळखता आले पाहिजे. एकाच धातूची, जवळजवळ सारख्या आकाराची नाणी निघाली, तर अंध माणसाला एक आणि दोन रुपये हाताने ओळखणे कठीण जाते. अशा तक्रारी झाल्या, आणि २०१९ साली अंध व्यक्तींना स्पर्शाने ओळखता येतील अशा नाण्यांची मालिका काढण्यात आली. दोन धातूंचे दहा रुपयांचे नाणे तर वेगळ्याच कारणाने अडचणीत आले. त्याच्या छापा अनेक असल्याने कर्नाटकात, महाराष्ट्रात व इतरत्रही पुष्कळ ठिकाणी दुकानदार व रिक्षावाले ते खोटे समजून नाकारू लागले. रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये जाहीर करावे लागले की, त्या वेळेपर्यंत निघालेल्या चौदाही छापांची नाणी खरी आहेत. धातू चोख, छाप सरकारी, कायदा पाठीशी. तरीही भाजीवालीच्या हातात ते नाणे अडून राहिले. शेवटी ज्याच्या हाती ते अडकले, त्याचाच तेवढा तोटा.

यावरून मूळ प्रश्नाचे उत्तर मिळते. अठराव्या शतकात हीण मिसळणाऱ्या टांकसाळवाल्याने किंमत धातूवर ठेवली आणि धातू चोरला, म्हणून ती फसवणूक होती. अॅल्युमिनियमचा पैसा किंवा पोलादी रुपया काढणाऱ्या सरकारने किंमत वचनावर ठेवली आणि धातू उघडपणे बदलला, म्हणून ती काटकसर होय. पण वचनावर नाणे चालवावयाचे, तर ते वचन तीन प्रकारे पाळावे लागते. नाण्याची खरेदीची ताकद टिकविणे, नाणे पुरेसे उपलब्ध ठेवणे, आणि ते कोणालाही नाकारता येणार नाही हे पाहणे, हे ते तीन प्रकार. पहिला प्रकार मोडला, तर महागाई सर्वांना सारखी लागत नाही. ज्याची सारी मिळकत रोख आणि रोजची, त्याला ती आधी लागते. दुसरा आणि तिसरा मोडला, तरी फटका त्यालाच बसतो.

आता मोठ्या बाजारपेठांत फोनवरून पैसे चुकते करण्याची सोय झाली आहे आणि बेळगावच्या भाजीबाजारातही त्यासाठीचे चौकोनी ठिपक्यांचे कागद टांगलेले दिसतात. तेथे धातूच नाही, केवळ वचन आहे. तरीही ज्याच्यापाशी फोन नाही, त्याला अजून हातातील नाण्याचाच आधार आहे, आणि तो आधार किती ग्रॅमचा आहे हे त्याने विचारण्याचे कारण नाही. देताना ते जेवढ्याला घेतले जाते, तेवढ्यालाच घेताना मिळावे, एवढीच त्याची अपेक्षा असते. सराफ गल्लीतील दगडावर रुपया वाजवून पाहण्याचे दिवस गेले. आजच्या रुपयाचा नाद ऐकावयाचा, तर तो बाजारातच ऐकला पाहिजे. संध्याकाळी मजुरी घेऊन निघालेल्या बाईच्या पिशवीत त्या रुपयांनी किती जिन्नस पडला, यावरून तो खणखणीत की बद्द हे ठरते.